‘तू सांगतेस म्हणजे चांगलंच असणार’

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका मुंबईच्या उपनगरातल्या एका खासगी बँकेच्या शाखेत असिस्टंट मॅनेजर आहेत. वय ३६, घराचा हप्ता चालू, मुलगी सहावीत. शाखेला दर महिन्याला विमा पॉलिसींचं टार्गेट असतं. आसपास जुन्या मराठी सोसायट्या आहेत. त्यामुळे एखाद्या ज्येष्ठ ग्राहकाची मुदत ठेव सुटली की त्यांच्याशी बोलायला यांनाच पुढे केलं जातं. गेल्या महिनाअखेरीला त्या विमा कंपनीच्या प्रतिनिधीला घेऊन ७१ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी गेल्या. काकूंची आठ लाखांची ठेव सुटली होती. त्यातले दोन लाख ‘एफडीसारखंच आहे, फक्त जास्त मिळतं’ असं सांगून काकूंच्या मुलीच्या नावाच्या पॉलिसीत घातले. हा दोन लाखांचा हप्ता दहा वर्षं दर वर्षी भरायचा आहे, हे काकूंना नीट सांगितलंच गेलं नाही. फॉर्मवर उत्पन्न वाढवून लिहिलं. विमा कंपनीचा पडताळणीचा फोन काकूंना जाऊ नये म्हणून शाखेतल्या एका ज्युनिअर मुलाचा मोबाइल नंबर टाकला. काकू म्हणाल्या, ‘तू सांगतेस म्हणजे चांगलंच असणार.’ तेव्हापासून यांना झोप नाही. त्या लिहितात: ‘माझ्यावर संस्कार चांगले झालेत, तरी मी हे कसं केलं? साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. खरं तर मी फक्त ओळख करून देते, विकतो विमा कंपनीचा माणूस. आणि सगळीकडे असंच चालतं. राजीनामा द्यावा तर घर कसं चालवायचं, राहावं तर काकूंना तोंड कसं दाखवायचं?’

सप्रेम नमस्कार.

आधी काकूंचं बोलू, कारण तिथे हातात मोजकेच दिवस आहेत. हे तुम्हाला मेलवर कळवलं आहेच, पण अशी पॉलिसी आणखी किती घरांच्या कपाटात पडून असेल कोण जाणे, म्हणून इथेही लिहिते. विमा पॉलिसीची कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, अटी पटल्या नाहीत तर पॉलिसी परत करता येते. याला ‘फ्री लुक’ म्हणतात. पूर्वी बहुतेक पॉलिसींना १५ दिवस मिळायचे, २०२४ पासून सरसकट ३० दिवस झाले. तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी रक्कम परत मिळते. अर्ज विमा कंपनीकडे करायचा, लेखी करायचा आणि त्याची पोच घ्यायची. बँकेत तोंडी सांगून थांबायचं नाही. ‘मॅडम, आधी आम्ही एकदा घरी येऊन समजावतो’ या वाक्यात दहा-बारा दिवस सहज निघून जातात आणि मुदत टळते.

काकूंच्या बाबतीत तर मोबाइल नंबरच दुसऱ्याचा आहे. म्हणजे पॉलिसीची लिंक, हप्त्याची आठवण, सगळं त्या ज्युनिअर मुलाच्या फोनवर जाणार. म्हणून नंबर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या. मुदत टळली असेल तरी वाट बंद होत नाही. आधी विमा कंपनीकडे तक्रार करायची, विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्याची तक्रार ऐकली जाते.

काकूंना हे सांगायला तुम्ही स्वतः जा, आणि त्यांच्या मुलीला बसवूनच बोला. तुम्हाला हे बँकेविरुद्ध बंड वाटेल, पण पॉलिसी परत करण्याचा हक्क त्या पॉलिसीच्या कागदांतच छापलेला असतो. छापलेलं वाचून दाखवणं हा गुन्हा नाही. घडलेलं सगळं सविस्तर लिहून कुणाला देण्याआधी मात्र एखाद्या वकिलाशी बोलून घ्या, कारण फॉर्ममधल्या चुकीच्या माहितीत तुमचाही हात आहे.

आता तुमचा प्रश्न. ‘संस्कार चांगले, तरी हे कसं केलं?’

या प्रश्नात एक गृहीतक आहे, आणि ते तुमच्या एकटीचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे. घरातून माणूस सरळ निघाला की तो कुठेही सरळच वागेल, असं आपण धरून चालतो. वाकडं वागला तर त्याच्यातच खोट होती म्हणतो. १९७३ साली अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये झालेला एक प्रयोग या समजुतीला धक्का देतो. धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषय तर रस्त्यात पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दारात कोसळून बसला होता. ज्यांना ‘अजून वेळ आहे’ असं सांगितलं होतं, त्यांतल्या ६३ टक्क्यांनी त्याला मदत केली. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. भाषणाचा विषय कोणता होता, याने फारसा फरक पडला नाही. संस्कार तेच, शिक्षण तेच. बदललं होतं ते फक्त मागून येणारं दडपण.

आता तुमच्या पत्रातला काकूंच्या घरचा प्रसंग त्या नजरेने पुन्हा वाचा. डायनिंग टेबलवर फॉर्म पसरलाय. विमा कंपनीच्या मुलाने सह्यांच्या जागी आधीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्यात. काकू चष्मा शोधायला उठतात. तुम्ही म्हणता, ‘राहू द्या काकू, मी दाखवते कुठे सही करायची.’ फोनवर साहेबांचा मेसेज येऊन पडलाय: ‘लॉगिन सहाच्या आत’, म्हणजे अर्ज सहाच्या आत दाखल झाला पाहिजे. हे तुम्ही स्वतः इतकं बारकाईने लिहिलंय की तुम्हाला ते आतून कळलेलं आहे असं मला वाटतं. ‘फसवू का नको’ हा प्रश्न त्या टेबलाशी तुम्हाला पडलाच नाही. तो पडायची जागाच आधी कुणीतरी बुजवून टाकली होती. सकाळी टार्गेटसाठी होणाऱ्या साहेबांच्या कॉलवर ‘आज किती?’ एवढं एकच विचारलं गेलं, तेव्हा अर्धा निर्णय झाला होता. मागच्या तिमाहीत ज्याच्या पॉलिसींवर तक्रारी आल्या त्यालाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाळ्या मिळाल्या, तेव्हा उरलेला झाला. काकूंचा चष्मा सापडेपर्यंत थांबायला तुमच्याकडे दोन मिनिटं नव्हती, आणि ती का नव्हती याचं उत्तर शाखेत आहे.

कंपनीची संस्कृती म्हणजे रिसेप्शनवर लावलेली मूल्यांची पाटी नव्हे. ती ओळखायची तर चार गोष्टी बघायच्या. सकाळी पहिला प्रश्न कशाचा विचारला जातो? बढती कुणाला मिळते? ‘नाही’ म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं? आणि वाईट बातमी वर सांगणाऱ्याला चहा मिळतो की मेमो? हे बँकेपुरतं नाही. औषध कंपनीच्या लॅबमध्ये मागच्या तारखेने रजिस्टर भरणारा केमिस्ट असो, बांधकामाच्या साइटवर मजबुती तपासायचे काँक्रीटचे क्यूब न फोडताच रिपोर्ट लिहिणारा इंजिनिअर असो, पटावरची खोटी हजेरी भरणारी शिक्षिका असो, त्यांची पत्रं मला येतात आणि सगळ्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘सुरुवातीला एकदाच केलं होतं.’ तुमच्याही पत्रात आहे. आधी नुसता आग्रह झाला, मग ‘पडताळणीच्या फोनवर सगळ्याला हो म्हणा’ असं ग्राहकाला शिकवणं आलं, मग नंबरच बदलला. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जराशीच खाली असते, आणि कुणी तक्रार केली नाही की तीच जमीन वाटायला लागते.

बँकेच्या बाबतीत हे कसं घडतं याचं सगळ्यात जास्त तपासलं गेलेलं उदाहरण अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं आहे. ते सविस्तर सांगते, कारण त्याला दोन बाजू आहेत आणि तुम्हाला दोन्ही लागतील. एका घराला बँकेची आठ उत्पादनं विकायची, असं तिथलं ध्येय होतं. शाखांकडून रोज, कधी दिवसातून अनेकदा, आकडे मागवले जायचे. ते पुरे करायला कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडली, कार्डं काढली. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकरण गाजलं तेव्हा अशा खात्यांचा अंदाज २० लाख होता, पुढे तो ३५ लाखांपर्यंत गेला. आधी १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. २०२० मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करताना आणखी ३०० कोटी डॉलर भरावे लागले. बँकेच्या संचालक मंडळाने २०१७ मध्ये स्वतःच चौकशी करून अहवाल दिला. त्यात मूळ कारण म्हणून विक्रीची बिघडलेली संस्कृती आणि कामगिरी मोजायची पद्धत यांवरच बोट ठेवलं. हजारो शाखांमध्ये एकाच वेळी हजारो वाईट माणसं नोकरीला लागली होती, असं कुणी म्हणू शकलं नाही.

ही झाली एक बाजू, आणि ती वाचून तुम्हाला थोडं हलकं वाटेल. दुसरी बाजू अशी की हे सगळं गाजण्याच्या आधीच्या पाच वर्षांत त्या बँकेने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना याच कारणावरून काढून टाकलं होतं. त्यांतले बहुतेक खालच्या पगाराचे, काउंटरवरचे आणि शाखांमधले. म्हणजे दबाव वरून आला आणि नोकरी खालच्याची गेली. बळीचा बकरा कायम हाताशी असतो. आपल्याकडेही विम्याच्या अर्जावर विकणाऱ्याचा कोड असतो. उद्या काकूंच्या मुलीने तक्रार केली तर चौकशीत पहिला प्रश्न ‘हा कोड कुणाचा, हा मोबाइल नंबर कुणाचा?’ हाच असेल. ‘कॉलवर साहेबांनी सांगितलं होतं’ याला कागद नसतो. तोंडी सांगितलेलं काम अंगाशी आलं की वरचे सगळे हात वर करतात. त्यामुळे ‘व्यवस्थाच अशी आहे’ हे वाक्य खरं असलं तरी तुम्हाला वाचवणारं नाही. व्यवस्थेने ढकललं हेही खरं, आणि सही घेतलीत तुम्ही हेही खरं. यातलं एक निवडायच्या भानगडीत पडू नका.

‘मी फक्त ओळख करून देते’ हे वाक्य मात्र मला मुळीच पटलेलं नाही, आणि जरा कठोरपणे बोलते त्याबद्दल राग मानू नका. काकूंनी त्या मुलाकडून पॉलिसी घेतली नाही, तुमच्याकडून घेतली. आपल्या भाषेत बोलणारी, आईची चौकशी करणारी, संक्रांतीला तिळगूळ घेऊन येणारी मुलगी बँकेत आहे, हीच त्यांची खात्री होती. या शहरातल्या ज्येष्ठांनी बँकेपुढच्या रांगा पाहिल्यात. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. एका बांधकाम समूहाची कर्जं झाकण्यासाठी २१ हजारांहून जास्त बनावट खाती दाखवली गेली होती, असं तपासात पुढे आलं. तेव्हा होरपळलेल्या अनेकांनी नंतर पैसे ठेवताना बँकेचं नाव बघण्याऐवजी काउंटरमागचा ओळखीचा चेहरा बघायला सुरुवात केली. तो चेहरा तुमचा आहे, हे साहेबांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर मराठी ग्राहक आला की तुम्हाला हाक मारतात. तिथे तुमची भाषा, तुमचं वागणं, तुमच्या आईवडिलांनी कमावलेलं नाव वापरलं जातंय. त्याचा वापर कशासाठी होऊ द्यायचा, हा अधिकार तुमच्या नेमणूकपत्रात कुणी लिहून घेतलेला नाही.

साहेबांबद्दल तुम्ही लिहिता की वडील आयसीयूत होते तेव्हा त्यांनी न विचारता रजा दिली, पोराबाळांची चौकशी करतात. मला ते खरं वाटतं, आणि तुमची अडचण तिथेच आहे हेही समजतं. खलनायक असता तर भांडण सोपं होतं. इथे खाल्ल्या मिठाला जागायचा प्रश्न येतो. पण त्यांनाही तुमच्या कॉलच्या तासभर आधी क्लस्टर हेडचा, म्हणजे अनेक शाखांवरच्या वरिष्ठांचा, कॉल असतो आणि तिथे त्यांना ‘आज किती?’ हेच विचारलं जातं. त्यांनी दिलेल्या रजेची परतफेड काकूंच्या दोन लाखांतून होऊ शकत नाही. उपकार तुमच्यावर झालेत, काकूंवर नाहीत.

राजीनामा की तडजोड, असे दोनच रस्ते तुम्ही मांडलेत. मला ही मांडणीच चुकीची वाटते. राजीनामा एकदाच देता येतो. तुमचे निर्णय मात्र महिन्यातून वीस वेळा होतात आणि छोट्या छोट्या जागी होतात: नंबर कुणाचा टाकायचा, ‘दर वर्षी’ हे दोन शब्द उच्चारायचे की गिळायचे, चष्मा सापडेपर्यंत थांबायचं की नाही. हे निर्णय टेबलाशी घेऊ नका, तिथे तुम्ही हरणार. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, डोकं शांत असताना, तीन-चार गोष्टी स्वतःपुरत्या कायमच्या ठरवून टाका. उदाहरणार्थ, फॉर्मवर ग्राहकाचाच मोबाइल नंबर, बाकी कुणाचाही नाही. हप्ता किती वर्षं भरायचा हे ग्राहकाकडून स्वतःच्या अक्षरात कोऱ्या कागदावर लिहून घेणं. साठीपुढच्या ग्राहकाची सही पहिल्या भेटीत न घेणं आणि दुसऱ्या भेटीला घरातलं कुणीतरी सोबत असणं. आकडा कमी पडला तर पडला. ‘मी विकणार नाही’ असं म्हणायची गरजच नाही. ‘मी अशा पद्धतीने विकणार’ असं म्हणा. पहिल्या वाक्यावर साहेब चिडतील, दुसऱ्यावर त्यांना उत्तर शोधावं लागेल. विम्यात पुढच्या वर्षीचा हप्ता भरला जातो का, याचा हिशेब ठेवतात. समजून घेतलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी बंद पडत नाही, हा मुद्दा तुमच्या साहेबांनाही वर मांडता येण्यासारखा आहे.

विमा कंपनीकडून व्हाउचर मिळतात असं तुम्ही ओघात लिहिलंय. ती घेणं आजपासून बंद करा. विमा कंपनीने बँकेच्या कर्मचाऱ्यांना रोख किंवा वस्तुरूपात बक्षीस देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे. ते व्हाउचर पाकिटात असेपर्यंत तुमच्या बोलण्याला वजन येणार नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, माझं लक्ष मात्र तिथेच अडकलं. ‘माझ्या हाताखाली दोन नवीन मुलं आहेत, त्यांनाही मीच शिकवते.’ ज्या मुलाचा मोबाइल नंबर काकूंच्या फॉर्मवर गेला तो यांतलाच एक ना? मग संस्कृती वरच्या मजल्यावर असते, असं कसं म्हणता येईल? त्या मुलासाठी संस्कृती म्हणजे तुम्ही. नोकरीच्या पहिल्या वर्षात त्याला कळलं की मॅडम नंबर मागतात तेव्हा द्यायचा असतो. उद्या तो तुमच्या जागी बसेल तेव्हा हेच शिकवेल. त्याला बोलावून सांगा की ते चुकलं, त्याचा नंबर काढायचा अर्ज दिलाय, आणि यापुढे मी सांगितलं तरी असं करायचं नाही. ही गोष्ट तुमच्या पूर्ण हातात आहे. त्यासाठी कुठल्या क्लस्टर हेडची परवानगी लागत नाही.

त्यात तुमचाही फायदा आहे. १९५० च्या दशकात सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने काही प्रयोग केले. एका गटाला रेषांची लांबी विचारायची, आणि आधीच पढवलेली बाकीची माणसं एकमुखाने चुकीचं उत्तर देणार. समोर धडधडीत दिसत असूनही खऱ्या सहभागी माणसांनी साधारण एक तृतीयांश वेळा गटाची री ओढली. पण गटातल्या एका जरी माणसाने बरोबर उत्तर दिलं, तरी ही री ओढणं एकदम खाली आलं. बहुमताची गरज लागली नाही, एक सोबती पुरला. शाखेत तुमच्यासारखं वाटणारं आणखी कुणीतरी नक्की आहे. ऑपरेशन्समधल्या त्या सिनिअर बाई, ज्या तुम्ही लिहिल्याप्रमाणे ‘फॉर्मकडे बघून मान हलवतात’, त्यांच्याशी बोला. सकाळच्या कॉलवर ‘सर, हा ग्राहक सत्तरच्या पुढचा आहे, आधी मुलाशी बोलूया’ हे एकीने म्हटलं आणि दुसरीने ‘हो, बरोबर आहे’ एवढं जरी म्हटलं, तरी खोलीतली हवा बदलते.

कागद करायला शिका. तोंडी सूचना मिळाली की त्याच दिवशी ऑफिसच्या मेलवरून नम्रपणे लिहायचं: ‘आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे अमुक करायचं आहे, माझी समजूत बरोबर आहे ना, कृपया कळवावे.’ अर्ध्याहून जास्त वाकड्या सूचना या एका मेलपुढे टिकत नाहीत, कारण लेखी ‘हो’ कुणाला द्यायचं नसतं. स्वतःची एक वही ठेवा: तारीख, वेळ, काय सांगितलं गेलं. त्यात ग्राहकांची नावं, खाते क्रमांक लिहू नका. ग्राहकांच्या कागदांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढून घरी नेऊ नका. पुरावा जमवतोय असं वाटतं, पण गोपनीयता मोडल्याचा ठपका आधी तुमच्यावर येतो आणि मूळ विषय बाजूला पडतो.

मग तक्रारीचं. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला, त्यात तुमची बँकही आली, कर्मचाऱ्यांसाठी गैरप्रकार कळवायची व्यवस्था ठेवावी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १७७ आणि शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचे नियम दोन्ही ते सांगतात. तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये याची तरतूद त्यात असावी लागते, आणि गरज पडली तर थेट संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जाता यावं लागतं. बँकेच्या वेबसाइटवर हे धोरण शोधा आणि घरच्या कॉम्प्युटरवर शांतपणे वाचा. खासगी आणि परदेशी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनेही २००७ मध्ये अशी योजना आणली. निनावी तक्रार त्यात घेतली जात नाही, पण नाव गुप्त ठेवलं जातं. सरकारी बँकेतल्या वाचकांना केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून जाता येतं. छोट्या खासगी कंपन्यांमध्ये मात्र यातलं बहुतेक काही बंधनकारक नसतं. तिथे सोबती आणि कागद यांवरच भिस्त.

खोटा दिलासा देत नाही. कायद्यात संरक्षण लिहिलेलं असलं तरी शिक्षा म्हणून पनवेलला किंवा विरारला बदली होऊ शकते, अप्रेझलमध्ये मार्क कापले जाऊ शकतात, आणि ते सिद्ध करणं अवघड असतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात बँकेच्या तक्रारीच्या हॉटलाइनवर जा असं मी म्हणणार नाही. आधी काकूंचं मार्गी लावा, दोन मुलांना सांगा, सोबती शोधा, आपल्या पद्धतीने दोन-तीन महिने काम करून बघा. साहेब कुरकुर करतील पण चालवून घेतील, असंही होऊ शकतं. बऱ्याच शाखांत लोक समजतात त्यापेक्षा जास्त जागा असते, कारण ती कुणी मागून बघितलेली नसते. पण नंबर बदलायला, उत्पन्न वाढवायला पुन्हा सांगितलं गेलं, तर ते आग्रहाच्या पलीकडचं आहे, ती कागदपत्रांतली फसवणूक आहे. तेव्हा लेखी तक्रार करा, आणि त्याच दिवसापासून दुसरी नोकरी शोधायला लागा.

नवऱ्याशी आत्ताच मोकळेपणाने बोला. त्यांना फक्त ‘ताण आहे’ एवढंच माहीत आहे असं तुम्ही लिहिता. दोघांनी बसून हिशेब मांडा: हप्ता, शाळेची फी, किराणा धरून किती महिने एका पगारावर निघतील? सहा महिन्यांचे पैसे बाजूला असलेल्या माणसाला सकाळच्या कॉलवर ‘नाही’ म्हणणं खूपच सोपं जातं. आज दोनच महिन्यांचे असतील तर या वर्षीचा पहिला संकल्प तोच धरा.

आणि दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर हेही विचारा: ‘मागच्या वेळी शाखेचं टार्गेट हुकलं तेव्हा काय झालं?’ ‘गेल्या वर्षी ग्राहकांनी किती पॉलिसी परत केल्या आणि त्याचं शाखेने काय केलं?’ उत्तर देणारा गडबडला किंवा हसून विषय टाळला तर समजून घ्या. त्याआधी एक दिवस, कुणाला न सांगता, त्या शाखेत ग्राहक म्हणून जा. आईच्या नावाने साध्या मुदत ठेवीची चौकशी करा, आणि समोरची व्यक्ती किती वेळ मुदत ठेवीबद्दलच बोलते ते पाहा.